बैठकीतली चार माणसं

पिपरी मेघेला आता खेडं म्हणवत नाही. वर्धा शहराला लागून लेआउट पडले, फ्लॅट झाले, भाड्याने राहणारे नोकरदार आले. पण नवऱ्याने बायकोला मारलं आणि प्रकरण माहेरापर्यंत गेलं, की इथेही अजून बैठकच बसते. समाजाचे अध्यक्ष, तंटामुक्ती समितीचे कोणी, एखादे निवृत्त गुरुजी, मुलीचा मामा.

काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीच्या वेळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. शेजारची लेक माझ्याजवळ बसली होती, तिचा एक डोळा सुजून मिटला होता. बाहेर दोन तास बोलणं चाललं. लग्नात कोणाचा किती खर्च झाला, जावयाला दारूची सवय कोणी लावली, सासूचं कुठे चुकलं. शेवटी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ‘यापुढे त्रास देणार नाही’ असं लिहून घेतलं. सगळ्यात वडीलधारे आजोबा म्हणाले, “झालं गेलं सोडा आता. पोरीले नांदू द्या.” दोन तासांत तिला कोणीही काही विचारलं नाही. संध्याकाळच्या एसटीने ती सासरी गेली. चार महिन्यांनी आली, तेव्हा हाताला प्लास्टर होतं.

आजोबा वाईट नव्हते. आपण एक घर वाचवलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांच्या लेखी तो तंटा होता, आणि तंटा म्हटला की दोघांनाही समजवायचं, दोघांनीही थोडं थोडं सोडायचं. शेताच्या धुऱ्याचा वाद असा मिटतो. मार खाणारीने काय सोडायचं?

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. तिने आपल्या भागात चांगलं कामही केलं. घरच्यांचा विरोध असलेल्या कितीतरी जोडप्यांची लग्नं, जातीबाहेरचीसुद्धा, समितीच्या माणसांनी पुढे होऊन लावून दिली. अशा बातम्या वाचल्या की मला आपल्या गावांचा अभिमान वाटतो. पण ‘गावातलं गावात मिटवा’ हा नियम मारहाणीला लावला, की बाईसाठी पोलीस ठाण्याची आणि कोर्टाची वाट बंद होते. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याने तिला राहत्या घरात राहण्याचा, संरक्षण मागण्याचा, खर्च मागण्याचा हक्क दिला. हा हक्क बैठकीत सोडवून घ्यायचा अधिकार कोणत्याही पंचाला नाही.

मग या माणसांनी बाजूला व्हावं का? मला तसं वाटत नाही. त्यांच्या शब्दाला जे वजन आहे, ते कायद्याच्या पुस्तकाला गल्लीत मिळत नाही. जुलै 1928 मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. मंदिर त्यांच्या घराण्याचं होतं, म्हणून दार त्यांना उघडता आलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये ठराव केला, की विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. जी प्रथा गावाच्या संमतीने चालते, ती गावाने संमती काढून घेतली की लंगडी पडते. मारहाणही अशाच संमतीवर चालते. नवऱ्याला ठाऊक असतं, की फार तर बैठक बसेल.

फेब्रुवारी 2020 मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवलं गेलं. आठवड्याभराने ती गेली. जिल्हा रस्त्यावर उतरला, बाजार बंद झाले, मोठी माणसं मोर्चाच्या पुढे चालली. ते योग्यच होतं. पण सुजलेल्या डोळ्यासाठी यांतलं कोणी एकदाही उठत नाही, हे मला सलत राहतं.

आपल्याकडे गावोगाव गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत महिलोन्नतीवर एक अख्खा अध्याय लिहिला आहे. प्रार्थनेला पुढच्या रांगेत बसणारे काका, आजोबा पुष्कळदा बैठकीतही असतात. त्यांना माझं हात जोडून मागणं आहे. पुढची बैठक बसेल, तेव्हा आधी तिला आत बोलवा, सोबत दोन बाया बसवा, आणि तिला परत जायचं आहे का, ते तिलाच विचारा. ती नाही म्हणाली, तर स्टॅम्पपेपर बाजूला ठेवा आणि तिच्यासोबत ठाण्यात चला. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर 181 हा महिला हेल्पलाइनचा आणि 112 हा पोलिसांचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.