स्पीकर जोडला, पण आवाज कुठे आहे?

पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा संगणक हल्ली अनेक घरांत मुलांच्या टेबलावर दिसतो. इंग्लंडमधील केंब्रिज येथे तयार झालेला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये विक्रीस आलेला ‘रास्पबेरी पाय’ हा त्यांतला सर्वाधिक परिचित. २०१६ च्या ‘पाय ३’ पासून त्यात ब्लूटूथ आले, तर २०२३ च्या ‘पाय ५’ मधून हेडफोनचे भोक गेले. साहजिकच घरातला ब्लूटूथ स्पीकरच त्याला जोडला जातो. कधी जोडणी होत नाही, कधी होते पण आवाज येत नाही. मग ‘संगणक बिघडला’ असे ठरवून तो कपाटात जातो. बहुतेक वेळा बिघडलेले काहीच नसते. पुढील क्रमाने तपासून पाहा.

आधी जुना जोडीदार सोडवा

बरेच स्पीकर सुरू होताच शेवटच्या ओळखीच्या यंत्राकडे धावतात, म्हणजे बहुधा आईच्या किंवा बाबांच्या मोबाईलकडे. तेव्हा घरातील मोबाईलचे ब्लूटूथ थोडा वेळ बंद करा. स्पीकरचे ब्लूटूथचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि मगच संगणकावर त्याचा शोध घ्या.

विजेकडे लक्ष द्या

मोबाईलचा जुना चार्जर येथे चालेलच असे नाही. ‘पाय ४’ ला ५ व्होल्ट आणि ३ अ‍ॅम्पिअर वीज लागते. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह चमकले, तर वीज कमी पडते आहे असे समजा. अशा वेळी जोडणी मधूनच तुटणे नवल नाही.

ओळख वेगळी, भरवसा वेगळा

रात्री जोडलेला स्पीकर सकाळी आपणहून जोडला जात नाही, ही नेहमीची तक्रार. टर्मिनलमध्ये ‘ब्लूटूथसीटीएल’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. त्यानंतर ‘पेअर’, ‘ट्रस्ट’ आणि ‘कनेक्ट’ या आज्ञा क्रमाने, प्रत्येकीपुढे स्पीकरचा पत्ता लिहून द्या. ‘पेअर’ने ओळख होते, ‘ट्रस्ट’ने ती पुढच्या वेळी आपोआप मान्य होते. लोक विसरतात ते नेमके हे मधले पाऊल.

आवाजाची वाट

ब्लूटूथ जोडले गेले तरी ध्वनी त्या वाटेने पाठवणारा कारभारी वेगळा असतो. २०२३ च्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून हे काम ‘पाइपवायर’ करते. त्यापूर्वी ‘पल्सऑडिओ’ करीत असे. पडद्याविना चालणाऱ्या ‘लाइट’ आवृत्तीत तो वेगळा बसवावा लागतो, नाहीतर स्पीकर सापडतो पण जोडणी नाकारली जाते. नेहमीच्या आवृत्तीत ध्वनीच्या चिन्हावर उजवी क्लिक करून स्पीकरचे नाव निवडा. गाणे जुन्या टेलिफोनसारखे चिरके वाटले, तर स्पीकर ‘हँड्सफ्री’ पद्धतीत अडकलेला असतो. त्याऐवजी ‘ए-टू-डी-पी’ निवडा.

आवाज तुटत असेल तर

ब्लूटूथ आणि साधे वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. शिवाय या संगणकावर दोघांची चिपही एकच असते. मोठी फाईल उतरवताना गाणे अडखळते ते यामुळेच. ‘पाय ३ बी प्लस’, ‘पाय ४’ किंवा ‘पाय ५’ असेल, तर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या किंवा नेटची तार जोडा. संगणक धातूच्या डबीत असल्यास तो बाहेर काढूनही पाहा. ओठ आधी हलतात आणि शब्द किंचित मागून येतात, हा मात्र बिघाड नव्हे. ध्वनी बांधून पाठवायला थोडा वेळ लागतोच.

एक महत्त्वाची सूचना

घरात दृष्टिहीन मूल असेल आणि ते ‘ऑर्का’ या पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर काम करीत असेल, तर आवाज जाणे म्हणजे त्याच्यासाठी पडदाच विझणे. स्पीकर पुन्हा जोडण्याची यादीही त्याला ऐकू येणार नाही. अशा घरात केवळ ब्लूटूथवर विसंबू नका. हेडफोनचे भोक असेल तर तारेचा हेडफोन आणि ‘पाय ५’ असेल तर यूएसबीचा हेडफोन हाताशी ठेवा. तो कसा निवडायचा, हे मुलाला आधीच शिकवून ठेवा, म्हणजे अभ्यास अडणार नाही आणि प्रत्येक वेळी कुणाला हाक मारावी लागणार नाही.