पाहून झाले!

सहकुटुंब मोटार काढावी, पुण्याहून कोल्हापूरचा रस्ता धरावा आणि वाटेवरची सारी संग्रहालये व प्रेक्षणीय स्थळे दोन दिवसांत मुलांच्या नजरेखालून घालावी, हा आता सुशिक्षित घराण्यांचा कुलाचार होऊन बसला आहे. सुटीहून परतलेले पालक पाहिलेल्या स्थळांची नावे अशा त्वरेने सांगतात की, काशीहून परतलेल्या यात्रेकरूनेही घाटांची नावे तशी सांगितली नसतील. मुलांच्या पदरी काय पडले, असे विचारल्यास मात्र उत्तर ठरलेले : "हल्लीच्या मुलांना संग्रहालयांचा कंटाळाच येतो!"

हे उत्तर साफ खोटे आहे, असे आमचे मत आहे. मुलांस कंटाळा येत नाही. आपण तो त्यांस आणतो. दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आम्ही आमचाच दाखला देतो.

आठ-दहा वर्षांपूर्वी आम्हीही नऊ स्थळांची यादी खिशात घालून निघालो होतो. कोल्हापुरास टाऊन हॉलमधील संग्रहालयात आमची धाकटी कन्या एका लहानशा ब्राँझच्या मूर्तीपाशी थबकली. ती मूर्ती ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची असून, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली आहे. मुलीने विचारले, "बाबा, इथे समुद्र नाही, मग समुद्राचा देव इथे कसा आला?"

एवढा मार्मिक प्रश्न आम्हांस इतक्या वर्षांच्या अध्यापनात क्वचितच कोणी विचारला असेल. आणि आम्ही, जे ग्रीकांच्या देवदेवतांवर वर्गात तास-तास बोलतो, ते घड्याळाकडे पाहून म्हणालो, "चल, राजवाडा बंद होईल." पुढे राजवाड्यात पेंढा भरलेले वाघ-बिबटे तिने मुकाट्याने पाहिले आणि बाहेर येताच खेळण्यासाठी आमचा मोबाइल मागितला. 'मुलांना कंटाळा येतो' हे वाक्य आमच्याही मनात त्याच वेळी येऊन गेले, हे सांगताना आज लाज वाटते.

उत्तरास पाव तास पुरला असता. दोन हजार वर्षांपूर्वी मोसमी वाऱ्यांच्या बळावर रोमन जगाची गलबते पश्चिम किनाऱ्यास लागत. चौल, सोपारा, कल्याण या बंदरांतला माल घाटवाटांनी देशावर चढे. त्या व्यापाराच्या ओघात हा देवही सह्याद्री ओलांडून आला. इतिहासाच्या पुस्तकातील 'व्यापार' हा निर्जीव शब्द त्या मुलीपुढे मूर्तिमंत उभा होता, आणि आम्ही तिचा हात धरून तिला तेथून ओढून नेले.

काही रसिक म्हणतील, दोष रस्त्याकडेच्या हलक्या करमणुकीचा आहे. कणेरी मठावरील सिमेंटच्या पुतळ्यांनी मुलांची अभिरुची बिघडते. आम्हांस हे मान्य नाही. तेथे नांगर धरणारा शेतकरी, कुंभार, लोहार पाहताना आजोबांची जीभ सैल होते आणि नातवंडे ऐकत राहतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयात एखादी आजी अडकित्त्यांपुढे उभी राहून आपल्या माहेरचे पानाचे तबक वर्णू लागली, तर तिची नात तेथून हालणार नाही. मुलास वस्तू एकटी दिसत नाही. तिच्याविषयी सांगणारे माणूस शेजारी लागते. ते माणूसच घाईत असेल, तर सिमेंट काय आणि ब्राँझ काय, दोन्ही सारखीच.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : पुन्हा पुन्हा येणे होत नाही, तेव्हा एकदाच सर्व उरकावे. पण पुणे-कोल्हापूर हे अंतर सुमारे 230 किलोमीटरचे. ही काही रामेश्वरची पायी यात्रा नव्हे. शिवाय 'सर्व' म्हणजे तरी काय? हमरस्त्यापासून आत पडते म्हणून औंध बहुतेकांच्या यादीत नसतेच. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली तेथे संग्रहालय उघडले. हेन्री मूरचे 'माता व बालक' हे शिल्प त्या लहानशा गावी आहे. त्या आईपुढे आपल्या मुलास घेऊन अर्धा तास बसणे हे नऊ स्थळांपेक्षा मोठे पुण्य आहे.

म्हणून आमचे सांगणे इतकेच : दिवसास एक संग्रहालय पुरे. तेथे काय पाहावयाचे ते मुलाने ठरवावे, आणि त्याचा प्रश्न संपेपर्यंत वडिलांनी घड्याळ खिशात ठेवावे. उत्तर ठाऊक नसेल तर तसे कबूल करावे आणि घरी येऊन दोघांनी मिळून ते शोधावे.

आमची कन्या आता महाविद्यालयात आहे. गेल्या दिवाळीत आम्ही तिला म्हटले, "कोल्हापुरास जाऊ, त्या समुद्रदेवाची गोष्ट तुला सांगायची राहिली आहे." ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, ते सगळे आपले पाहून झाले आहे."

हे बोलणे ती आमच्याकडूनच शिकली होती.