सह्या कुणाच्या?

परवा नातू ध्वजांचे पुस्तक चाळत होता. ब्रुनेईपाशी थांबून म्हणाला, "आबा, यात लोक कुठे आहेत?" मी आयुष्यभर मुलांकडून केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती असे पाठ करून घेतले, पण हे कोणी विचारले नव्हते.

बोर्निओ बेटावरची ही छोटी सल्तनत एकेकाळी बरीच मोठी होती. १८४१ पासून सारावाक ब्रुक घराण्याकडे गेले, १८९० मध्ये लिंबांगही गेले आणि उरलेल्या राज्याचे दोन तुकडे झाले. ते आजही तसेच आहेत. मग १९०६ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट आला. त्या करारावर सह्या करणाऱ्यांचेच रंग ध्वजात उतरले. पिवळा सुलतानाचा, पांढरा आणि काळा त्याच्या दोन प्रमुख वजिरांचा. १९५९ मध्ये वर लाल राजचिन्ह आले. त्यात चंद्रकोर, छत्र आणि वर उचललेले दोन हात आहेत. हात म्हणजे प्रजेचे भले करण्याचे सरकारचे वचन.

म्हणजे लोक आहेत, पण घेणारे म्हणून. १९२९ मध्ये सेरियाला तेल सापडले, त्यामुळे वचन पाळलेही गेले. पगारावर आयकर नाही. मात्र १९६२ च्या बंडानंतर लागलेली आणीबाणी अजून उठलेली नाही. पोट भरले की मत विचारायला नको, हे मला पटत नाही.

"आणि आपल्या झेंड्यावर?" नातवाने विचारले.

म्हटले, "तुझी सही अठराव्या वर्षी. विसरू नकोस."

असो.