चांगली शाळा कोणती? मुलांनाही विचारा!

शाळा चांगली की नाही, हे आपण कशावरून ठरवतो? निकाल, रंगवलेल्या भिंती, डिजिटल वर्ग. आंबिवलीतली माझ्या वर्गातली मुलं मात्र वेगळंच सांगतात. बाई चिडल्या नाहीत तर प्रश्न विचारता येतो. संडासाला आतून कडी हवी. खेळाचा तास गणिताला देऊ नये.

यात चुकीचं काय आहे? शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात. आपल्या राज्यात तिथे 2 विद्यार्थीही असतात. मताचा अधिकार नसला तरी त्यांना बोलता येतंच की! पुढच्या सभेत पहिला प्रश्न त्यांनाच विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहा. कडीला खर्च थोडाच येतो. पण तिच्यावाचून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.