अर्धें वचन, अख्खी गुलामगिरी

येशू ख्रिस्ताच्या उपदेशाविषयीं एक समज फार पसरला आहे. तो असा कीं, येशूनें गरिबांना मार खाऊन गप्प बसायला सांगितलें, दारिद्र्य हें देवानेंच नेमून दिलें असें शिकविलें, आणि सुखाचा हिशेब मेल्यावर स्वर्गांत चुकता होईल असा भरंवसा दिला. हा समज परधर्मीयांचाच आहे असें नाहीं. कित्येक ख्रिस्ती लोकही असेंच मानतात. पण ग्रंथ उघडून पाहावा तों निराळेंच दिसतें.

येशू हा कोणी गोरा साहेब नव्हे. तो गालील प्रांतांतला यहुदी, धंद्यानें सुतार. त्याच्या दृष्टांतांत पेरणी, द्राक्षमळ्यांतली मजुरी, हरवलेलें मेंढरूं आणि डोक्यावरचें देणें हेंच येतें. त्यानें शिकविलेल्या प्रार्थनेंत देवाचें राज्य पृथ्वीवर यावें ही मागणी आहे आणि आजच्या भाकरीचीही आहे. मत्तयाच्या मूळ ग्रीक पाठांत तर ऋणमाफीचा शब्द आहे. मेल्यानंतरच्या सुखावर बोळवण करणाराची प्रार्थना अशी असते काय?

गरीब लोक सदाच राहणार, अशा अर्थाचें त्याचें एक वचन आहे. त्यावरून कित्येक पोटभरे असें काढतात कीं, दारिद्र्य हटविण्याची खटपट व्यर्थ. पण हे शब्द यहुद्यांच्या ‘अनुवाद’ नांवाच्या जुन्या धर्मग्रंथाच्या पंधराव्या अध्यायांतले आहेत. तेथें लगेच पुढें आज्ञा आहे कीं, म्हणूनच गरिबासाठीं हात सढळ ठेवावा. आणि त्याच अध्यायाच्या आरंभीं दर सातव्या वर्षीं कर्ज सोडून देण्याचा नियम सांगितला आहे! पोटभऱ्यांनीं मात्र सोयीचा तेवढा तुकडा उचलला.

एका गालावर मारलें तर दुसरा पुढें करावा, या वचनाचेंही तसेंच केलें. सूड घेऊं नये हा त्याचा अर्थ. अन्यायाला न्याय म्हणावें हा नव्हे. प्रमुख याजकासमोर चौकशी चालली असतां एका शिपायानें येशूच्या तोंडांत मारली. येशूनें हात उगारला नाहीं, पण तोंडही मिटलें नाहीं. माझें चुकलें असेल तर दाखवून दे, नाहीं तर मारण्याचें कारण सांग, असा जाब त्यानें उभ्या जागीं विचारला. यरुशलेमच्या मंदिरांत सराफांचे चौरंग उलथून टाकणाराही हाच.

दासांनीं धन्याची आज्ञा पाळावी, हें वचन तर येशूचें नव्हेच. तें पौलाच्या नांवावरील पत्रांतलें आहे. पण गुलामांच्या मालकांना तें फार गोड लागे. सन १८०७ सालीं लंडनमध्यें वेस्ट इंडीज बेटांतल्या आफ्रिकन गुलामांसाठीं बायबलाचे निवडक भाग छापण्यांत आले. त्यांत हें वचन ठेवलें, आणि इजिप्तच्या दास्यांतून एक सबंध प्रजा सुटली ती हकीकत कापून टाकली. पण कात्रीला यश आलें नाहीं. अमेरिकेंतल्या गुलामांनीं तीच हकीकत ऐकून आपल्या गाण्यांत गाइली.

सन १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेंत निग्रो गुलामांची दास्यांतून सुटका करणाऱ्या लोकांना अर्पण केला, आणि त्याच ग्रंथांत येशूला बळीराजा म्हटलें. त्यांना येशू दिसला तो गप्प बसविणारा नव्हे, दुबळ्यांचा कैवारी.

तेव्हां बंधुभगिनींनो, कोणत्याही धर्माचें वचन अंगावर फेकून कोणी तुम्हांला गप्प बसवूं लागला, तर त्याच्याशीं भांडूं नका. मागचें आणि पुढचें वाक्य वाचून दाखव, एवढेंच म्हणा. तो टाळाटाळ करूं लागला तर पुस्तक घरीं आणा आणि आपल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. अर्धें वचन दुसऱ्याच्या तोंडून ऐकणें ही गुलामगिरीची पहिली पायरी; सबंध वचन आपल्या डोळ्यांनीं वाचणें ही सुटकेची.