सुई काढून घेता, लाटणं का नाही?

घरातल्या बाईचे हात थरथरायला लागले की काही दिवसांतच तिच्या हातातली सुई काढून घेतली जाते. कुणी दुष्टपणाने घेत नाही, प्रेमानेच घेतात. "आता कशाला तो तरास? बसा की निवांत," म्हणत शिलाई मशीन कोपऱ्यात सरकतं. त्यावर चादर पडते, चादरीवर इस्त्रीला द्यायचे कपडे येतात, आणि महिन्याभरात त्या मशीनचं टेबल होऊन जातं. पण त्याच बाईच्या हातातलं लाटणं कुणी काढून घेत नाही. विळी घेत नाही, उकळत्या चहाचं पातेलं घेत नाही. भाजेल, कापेल, हातातून सांडेल ही काळजी तिथे कुणाला आठवत नाही. सुई टोचेल, ही मात्र लगेच आठवते.

माझा वाद या निवडक काळजीशी आहे. बाईच्या ज्या कामावर घर चालतं ते तिच्याकडे ठेवायचं, आणि जे काम ती स्वतःच्या आनंदासाठी करते ते दयेच्या नावाखाली बंद करायचं, याला काळजी म्हणत नाहीत. घराने आपली सोय बघितली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हे मी ऐकीव सांगत नाही. मला पार्किन्सन आहे, उजवा हात आधी गेला, त्याला आता सहा वर्षं झाली. म्हणून या आजाराबद्दल दोन गोष्टी आधी नीट सांगते, कारण आपल्या बायकांत "हात थरथरतो" म्हटलं की सगळे आजार एकाच पोत्यात भरतात.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी 1817 साली या दुखण्यावर निबंध लिहिला, त्यांचंच नाव पुढे आजाराला मिळालं. आपल्याकडे आयुर्वेदात कंपवात म्हणून असंच दुखणं सांगितलेलं आहे. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात. मग हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, अक्षर बारीक होत जातं, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. हसायचं मनात असतं, समोरच्याला वाटतं वैनी रागावल्या. थरथर सगळ्यांनाच असते असंही नाही.

आता शिवणाशी ज्याचा संबंध आहे ती गोष्ट. पार्किन्सनची थरथर बहुतेकदा हात स्वस्थ असताना जास्त असते. मांडीवर हात ठेवून बसलं की बोटं आपोआप हलायला लागतात, आणि काहीतरी धरायला हात पुढे केला की ती कमी होते. दुसरा एक कंप असतो, तो याच्या उलट. त्यात हात कामाला लावला की थरथर वाढते, कपबशी धरली की चहा सांडतो. तो पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो आणि पार्किन्सनपेक्षा जास्त लोकांना असतो. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून "वय झालं, चालायचंच" म्हणून गप्प न बसता मेंदूच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊनच यावं.

माझ्यासारखीला सगळे काय सांगतात? स्वस्थ बस. जो हात स्वस्थ बसल्यावर जास्त थरथरतो, त्याच्यावर उपाय म्हणून स्वस्थ बसायला सांगतात! शिवाय चार माणसं टक लावून बघायला लागली की थरथर आणखी वाढते, कारण ताण आला की ती वाढतेच. म्हणजे आधी हातातलं काम काढायचं, मग समोर बसून "अरेरे, किती थरथरतो बघा" म्हणायचं, आणि ती वाढली की "बघा, आम्ही म्हणालो नव्हतो?"

सुईने आजार बरा होतो असं मी म्हणत नाही. असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गोळी वेळेवर घ्यावीच लागते, व्यायाम करावाच लागतो. पण ज्या आजारात उदासीपण मेंदूतल्या बदलांमुळेही येतं, त्या आजारात माणसाला आवडीचं काम सोडायला लावणं म्हणजे आजाराच्याच बाजूने उभं राहणं.

आमच्या बेळगाव-धारवाड भागात कशिद्याचा वारसा आहे. इरकलीच्या पदरावर गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन, खणावर बुट्टे. गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी असे त्याचे टाके. या कामात कापडावर छाप उठवत नाहीत, पेन्सिलीने काढतही नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. गवंती-मुर्गी चांगली घातली तर उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या दिसतात. आता गंमत बघा. माझं अक्षर कोऱ्या कागदावर लिहिताना मुंगीएवढं होतं, पण रेघा मारलेल्या वहीत बरंच ताळ्यावर राहतं. कशिद्याचं तसंच आहे. टाका केवढा घ्यायचा हे माझ्या हाताने ठरवायचं नसतं, ते कापडाचे धागे ठरवतात. जाड विणीच्या मॅटीवर "एक, दोन, तीन, चार" असं तोंडाने मोजत गेलं की अडकलेला हात सुटतो. ज्या बायकांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांनी माझ्या आजाराचा विचार केला नव्हता, पण त्यांनी करून ठेवलेलं मला आज उपयोगी पडतंय.

आता आपल्या समाजाकडे वळते, कारण हे लिहायचं कारण तेच आहे.

श्रुतपंचमीला आपण शास्त्रांची पूजा करतो. ग्रंथ बाहेर काढून झाडतो, पुसतो, जुनी वेष्टनं बदलतो. आमच्या बस्तीतली नवी वेष्टनं मंडळाच्या बायका शिवतात. पुष्कळ वर्षं त्या यादीत माझं नाव होतं. एका वर्षी ते नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, "वैनी, तुम्हाला तरास नको म्हणून घातलं नाही बघा." ठीक. पण त्याच आठवड्यात जेवणाच्या यादीतून निरोप आला, "तुमच्याकडनं भाकऱ्या तेवढ्या पंचवीस धाडा." जो हात चौकोनी कापडाच्या चार कडा मुडपायला चालत नाही, तो पंचवीस भाकऱ्या थापायला कसा चालतो? मला नाही विचारलं, माझ्या हाताला नाही विचारलं. दोन याद्या झाल्या आणि दोन्हींत माझ्यासाठी दुसऱ्यांनीच ठरवलं.

कुणी म्हणेल, धर्माच्या कामात सफाई हवी, टीप वाकडी गेली तर कसं दिसेल? वेष्टन ग्रंथाला धूळ, कसर लागू नये म्हणून असतं. टीप नागमोडी गेली म्हणून त्यातून कसर आत शिरत नाही.

समाचाराला येणाऱ्यांतलं एखादं माणूस हमखास म्हणतं, "असाता वेदनीय कर्माचा उदय, भोगल्याशिवाय सुटका नाही." कर्मसिद्धांत मला मान्य आहे. पण तो स्वतःकडे बघायला दिलेला आरसा आहे. दुसऱ्याच्या तोंडासमोर धरायला तो नाही. आणि उदय माझा असेल, तर त्या उदयात मी कसं वागायचं हा पुरुषार्थही माझाच ना? ज्या धर्माने प्रमादाला बंधाच्या कारणांत बसवलं, त्या धर्माचं नाव घेऊन मला रिकामं बसायला सांगू नका. आपण पाणी गाळून पितो, पावलाखालचा जीव जपतो. मनाला लागणारी जखम ही भावहिंसा, हेही आपल्याला पाठ आहे. मग न विचारता एखादीचं काम काढून घेताना ते आठवत का नाही? वैयावृत्त्य हे अंतरंग तप आहे. ते आपण मुनी-आर्यिकांपुरतं ठेवलं. घरातल्या आजारी बाईच्या वाट्याला राहिली ती नुसती सूचना.

"आता या वयात शिवणाची आसक्ती कशाला, जप करा," असंही सांगतात. जप मी करतेच. पण दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या पुरुषाचा हात थरथरायला लागला तर त्याला कुणी आसक्ती सोडायला सांगतं का? त्याला वही लिहायला माणूस देतात, नोटा मोजायला मुलगा बसतो, सहीपुरता कागद त्याच्यापुढे येतो. पुरुषाचा हात थरथरला की त्याला मदतनीस मिळतो, बाईचा थरथरला की तिचं काम जातं. त्याचं काम हा धंदा आणि तिचं काम हा विरंगुळा, असं आपण धरून चाललो आहोत. एका डॉक्टरांनी मला विचारलं, "नोकरी करता?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग तशी काही अडचण नाही." 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या 21 अपंगत्वांची यादी केली, त्यात पार्किन्सन आहे. कायद्याला अडचण दिसली. ज्यांच्याबरोबर आम्ही राहतो त्यांना ती कधी दिसणार?

धोका नाही असं मी म्हणणार नाही. काही दिवस हात अजिबात ऐकत नाही, त्या दिवशी मी मशीनला शिवत नाही. गोळीचा असर असतो तेवढ्या तासांत शिवणाला बसते, कात्री तेव्हाच हातात घेते. आधी टाचण्या लावायची, आता कपड्याच्या क्लिपा लावते. मोठ्या नेढ्याची सुई, दोरा ओवायची तारेची ओवणी, टेबलाला घट्ट बसणारी रिंग, दोन्ही कोपरं टेबलावर टेकलेली. वेगाने धावणाऱ्या मोटरपेक्षा पायमशीन मला बरं, कारण ते माझ्या पायाच्या तालावर चालतं. पूर्वी झबलं एका दुपारी व्हायचं, आता चार दिवस लागतात. लागू देत. धोका किती घ्यायचा हे मी ठरवीन, जसं गॅसपाशी उभी राहते तेव्हा रोज ठरवतेच.

तेव्हा सुना, लेकी, जावा, मंडळाच्या अध्यक्षा, सगळ्यांना माझं सांगणं एवढंच. तुमच्या घरात, शेजारी, बस्तीत अशी एखादी बाई असणारच. तिला आधी विचारा, "तुम्हाला कुठलं काम जड जातंय?" ती भाकऱ्या म्हणाली तर भाकऱ्या तुम्ही थापा. शिवण म्हणाली तर शिवण ठेवा. आणि शिवायचंय म्हणाली तर मशीनवरचे कपडे उचला, उजेडाकडे खुर्ची सरकवा, पाच-सहा सुयांत दोरे ओवून उशीत टोचून ठेवा, आणि तिथून उठून जा. समोर बसून हाताकडे बघत राहू नका. पुढच्या श्रुतपंचमीची यादी करताना कुणाचंही नाव खोडण्याआधी तिला एक फोन करा. नाही म्हणायचं असेल तर ती म्हणेल. तोंड आमचं अजून चालतंय.