सुप्यात जळाले ते रोखे

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, ऐन बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांवर चालून गेले. दुकाने लुटली गेली. पण मुख्य रोख होता वह्या आणि कर्जरोख्यांवर. ते हाती येताच जाळण्यात आले.

सरकारदप्तरी हा ‘दंगा’ ठरला. शब्द अपुराच! अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, तेव्हा कर्ज सहज मिळे. १८६५ नंतर भाव कोसळले, शेतसारा मात्र नव्या आकारणीत वाढला. बहुतेक कर्जदारांना रोखा वाचताही येत नसे. दिवाणी न्यायालय त्याच कागदावर निवाडा देई आणि जमीन सावकाराकडे जाई. शेतकऱ्याचे दारिद्र्य असे कायद्याच्या आधाराने वाढत होते.

१८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैदही थांबवली. रोखे जळून तोवर चार वर्षे झाली होती.